मशीनचा पट्टा

"संध्याकाळी नात येईल. पहिल्या कार्यक्रमासाठी तिला यातलं टिकाऊ कुठलं देऊ?" कुमुदिनीबाईंनी नवऱ्याला विचारलं.

दिनकररावांनी ड्रमची दोन्ही जुनी पेडलं लावून पाहिली. पण अर्धांगाच्या झटक्यानंतर उजवा पाय हलेना. "मोडीत घाल दोन्ही," ते पुटपुटले.

कुमुदिनीबाई त्यांच्या स्टुलावर बसल्या. जन्मभर शिलाई मशीन चालवलेला पाय साखळीच्या पेडलवर ठेवला. साखळी अडकली. दुसऱ्याला चामडी पट्टा होता. एकदा दिनकररावांच्या कार्यक्रमाच्या तोंडावर मूळचा पट्टा तुटला, तेव्हा त्यांनीच आपल्या मशीनचा काढून दिलेला. त्यांनी त्यावर पाय दाबला. धप्... धप्... ठोका चुकेना.

"अगं, ताल कुठे शिकलीस?"

"तुम्ही रियाज करायचात, मी शेजारी ब्लाउज शिवायचे. पाय काय बहिरा असतो?"

दिनकररावांनी डाव्या हातात ड्रमस्टिक घेतली. "हेच देऊ तिला," ते म्हणाले. "पण ती येईपर्यंत वाजवत राहा, थांबू नकोस."