कुलपाचा दिवस

भामाबाईचा सगळा संसार सकाळपासून अंगणात होता. लोखंडी कॉट, शेगडी, पिठाचा डबा, ती ज्यांना पोळी-भाजी पुरवायची त्या क्लासच्या पोरांचे धुऊन पालथे घातलेले जेवणाचे डबे, आणि कॉटवर लसूण सोलत बसलेली खुद्द भामाबाई. तिच्या मागच्या खोलीला घरमालक शिवमूर्तीआप्पांचं कुलूप होतं.

दर अकरा महिन्यांनी लातूरच्या या घरात असा कुलपाचा दिवस यायचा. करार संपला की भाडेकरूनं खोली रिकामी करायची, दिवसभर मालकाचं कुलूप, संध्याकाळी नव्या करारावर सह्या आणि सामान पुन्हा आत. सलग राहिलेला भाडेकरू मालक होऊन बसतो, असं आप्पांना कुणीतरी कधीतरी सांगितलं होतं आणि त्यांनी ते डोळे मिटून खरं मानलं होतं. करारावर सही त्यांच्या बायकोची, गुरम्माची. आप्पा बोट ठेवतील तिथं ती करायची, वर काय लिहिलंय ते न वाचता. भामाबाईलाही या सगळ्याचं काही वाटत नसे. त्या निमित्तानं झाडलोट होते, म्हणायची.

यंदा मात्र आप्पांचा पाय एका जागी ठरत नव्हता. दुपारी पुतण्या दयानंद मोबाईल नाचवत आला होता.

“आप्पा, नवा कायदा यायलाय घरमालकांसाठी. एकदा का सही झाली, की भाडेकरू काढायला कोर्टाच्या चकरा. आज बाई आपल्या पायानं भायेर हाय. किल्लीच देऊ नका.”

“खरं हाय का पर हे?”

“मेसेज आलाय की!”

कायदा नेमका काय, तो आलाय की यायचाय, हे दयानंदलाही ठाऊक नव्हतं. काडी लावून तो निघून गेला आणि जळायला आप्पा मागे राहिले.

आप्पांनी कुलूप ओढून बघितलं. ओट्यावर बसले. पुन्हा उठले, पुन्हा ओढलं. परत येताना कॉटवर गुडघा आपटला. भामाबाईनं सरकून जागा दिली.

“बसा की मालक. लई दमल्यावानी दिसायलात.”

त्यांना तिच्याकडं बघवेना. बाईनं कधी आवाज चढवला नव्हता. आप्पा दवाखान्यात होते तेव्हा रोज डबा हिनंच पोचवला होता. पण घर ते घर. हेच हातचं गेलं तर या वयात जायचं कुठं?

ऊन उतरलं. भामाबाईनं पदर खोचला.

“मालक, किल्ली द्या. पोरं डब्याला येतील, आजून कणीक भिजवायचीय.”

आप्पांचा हात खिशात गेला आणि तिथंच राहिला.

“मावशी, यंदा दुसरीकडं बघा.”

“कुठं?”

“कुठं बी. कायदा बदललाय.”

भामाबाईनं आपल्या सामानाकडं पाहिलं. सकाळी तिनंच ते हौसेनं मांडलं होतं. आता ते कुणीतरी बाहेर फेकल्यासारखं दिसायला लागलं.

“मी काय केलं मालक?” तिनं विचारलं.

आप्पांनी पुन्हा कुलूप ओढून बघितलं.

गुरम्मा दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती आत गेली. परत आली तेव्हा तिच्या काखेत आप्पांची गादी होती, एका हातात उशी आणि दुसऱ्या हातात त्यांची गोळ्यांची डबी. तिनं ते भामाबाईच्या कॉटवर नीट मांडलं.

“हे काय?” आप्पांनी विचारलं.

“तुमचं सामान.”

“डोस्कं फिरलं का तुझं?”

“ही जागा माज्या बापानं मला दिली,” गुरम्मा म्हणाली. “घरपट्टी माज्या नावानं येती. तुमी लगीन झाल्यापासून करार न करता राहायलाव. एक दिस बी खाली केलं न्हाई. मला बी आता भ्या वाटायलंय.”

आप्पा हसायला गेले. गुरम्मा हसत नव्हती. तिनं हात पुढं केला. मग आप्पांनी त्यावर किल्ली ठेवली.

गुरम्मानं खोली उघडली. पिठाचा डबा तिनंच उचलून आत नेला आणि निघालेलं कुलूप आपल्या घराच्या पुढच्या दाराला लावलं. भामाबाई एकेक वस्तू आत नेत राहिली. अंगणात शेवटी कॉट तेवढी उरली, तिच्यावर गादी आणि गादीच्या कडेला आप्पा, रिकामा खिसा चाचपत.

“आन् मी?” त्यांनी विचारलं.

“आदी पोरांचे डबे जाऊ द्या,” गुरम्मा म्हणाली. “मग करार करू. बोट मी ठेवते, सही तुमी करा.”