दोनची गाडी

“माझ्या धाकट्या बहिणीला तुम्ही मारलंत,” ती माईकवर म्हणाली आणि गजबजलेल्या सभागृहातल्या साऱ्या माना तिच्याकडे वळल्या.

ती चौदा नंबरच्या बसची कंडक्टर होती. बावीस वर्षं नोकरी, त्यातली निम्मी याच मार्गावर. गणवेश घालून जाऊ नका, असं डेपोतल्या साहेबांनी बजावलं होतं, म्हणून तो मुद्दाम इस्त्री करून घातला होता. तिच्यामागे चौदा नंबरचे चाळीसेक प्रवासी बसले होते. बहुतेक सगळे किडनीचे रुग्ण. आठवड्यातून तीनदा रुग्णालयात जायचं, रक्त शुद्ध करून घ्यायचं आणि घरी येऊन पडायचं, हेच त्यांचं जगणं. ताईंनी बोलावलं म्हणून आज ते धापा टाकत जिना चढून आले होते.

समोर महापौर. शहरात त्यांना ‘कात्री’ म्हणत. दोन वर्षांत त्यांनी बसचे अकरा मार्ग छाटले होते आणि त्या बस मोठ्या रस्त्यावरच्या गर्दीला दिल्या होत्या. मोठ्या रस्त्यावरचे लोक त्यांना दुवा देत, बाकीचे शिव्या. बरं, पैसे खातो म्हणावं, तर तेही खरं नव्हतं. त्यामुळे चिडणाऱ्यांची फार पंचाईत होई. आज बाराव्या मार्गाची, म्हणजे चौदा नंबरची, सुनावणी होती.

“गेल्या वर्षी तुम्ही दुपारी दोनची गाडी बंद केलीत,” ती म्हणाली. “माझ्या बहिणीची डायलिसिसची पाळी दुपारची, त्याच गाडीने जायची ती. नंतरची गाडी साडेपाचला, आणि साडेपाचला डायलिसिसला कुणाला आत घेत नाहीत. रोजची टॅक्सी परवडणार कुठून? तीनदा जायची ती दोनदा जायला लागली. मग एकदा. मला म्हणायची, ‘ताई, आज बरं वाटतंय गं, नाही गेले तरी चालेल.’ मला वाटलं, खरंच बरं वाटत असेल.” तिने मागच्या रांगांकडे हात केला. “चार महिन्यांत गेली. आता उरलेल्या गाड्याही बंद करा, म्हणजे हेही सगळे सुटतील.”

महापौर चिडले नाहीत. चिडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

“तुमच्या बहिणीचं ऐकून वाईट वाटलं. खरंच वाटलं,” ते म्हणाले. “पण बाई, दोनची गाडी रिकामी धावत होती. रुग्णालयाच्या थांब्याचे प्रवासी, तीन महिन्यांत मिळून सव्वीस.”

“साफ खोटं! उभं राहायला जागा नसायची! कुणी मोजले? पूर्वी मोजणीवाले यायचे, दारात उभं राहून डोकी मोजायचे. सात वर्षांत एक माणूस फिरकला नाही!”

“मोजणीवाले आता लागत नाहीत. तिकिटाचं मशीन आलं तेव्हापासून ते काम मशीनच करतं. तुमच्याकडे एक तिकीट निघालं, की इथे एक माणूस मोजला जातो.”

ती काहीतरी बोलायला गेली आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

सात वर्षं ते मशीन तिच्या गळ्यात होतं. कुठलं बटण कशाचं, एवढंच डेपोत शिकवलं होतं. पहिल्याच महिन्यात धाकटी तिच्या गाडीत चढली होती, सुजलेल्या पायांनी, मुठीत सुटे पैसे घेऊन. तिने बहिणीची ती मूठ तशीच मिटवली होती. मग शेजारच्या म्हाताऱ्याकडे कुठल्या तोंडाने मागायचे? त्याच्या मागच्या बाईकडे? सवलतीचा पास होता, पण त्यासाठी चार खिडक्या हिंडाव्या लागत. तपासनीससुद्धा काणाडोळा करायचे. तिची सुट्टी रविवारी, आणि रविवारी डायलिसिस बंद. गेल्या वर्षी त्या तीन महिन्यांत तिने एकच रजा घेतली होती. सव्वीस तिकिटं त्या दिवशीची, बदली कंडक्टरने फाडलेली. बाकी रोज, न चुकता, गाडी रिकामी असल्याचं तीच कळवत आली होती.

मागून एक म्हातारा उठला. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, आता हात थरथरत होते. त्याला वाटलं, ताई साहेबांना घाबरल्या.

“आकडे कसले सांगता, साहेब! माणुसकी कशाशी खातात ते आधी या ताईंकडून शिका. सात वर्षांत आम्हा आजाऱ्यांपैकी एकाकडूनही तिकिटाचे पैसे घेतले नाहीत यांनी. एकाकडूनही!”

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. महापौरांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते त्यांना वाचता आलं. शेजारी इतिवृत्त लिहिणाऱ्या कारकुनाच्या मनगटावर त्यांनी हात ठेवला.

“हे लिहू नका,” ते हळूच म्हणाले. मग माईक जवळ ओढला. “चौदा नंबर बंद होणार नाही. दोनची गाडीही सोमवारपासून पुन्हा सुरू होईल.”

लोक उठून उभे राहिले. कुणी रडत होतं, कुणी ओळख नसलेल्या माणसाच्या गळ्यात पडत होतं. घड्याळवाले काका वाट काढत तिच्यापर्यंत आले.

“जिंकलात, ताई! कात्रीची धार बोथट केलीत! आज तुमची धाकटी असती तर…”

तिने त्यांचा सुया टोचून टोचून काळानिळा पडलेला हात दोन्ही हातांनी धरला.

“काका,” ती कशीबशी म्हणाली, “सोमवारपासून तुमच्यातल्या एकालाही मी तिकिटाशिवाय चढू देणार नाही.”