आमेरचा रस्ता

धाकटा भाऊ नागनाथ हिंगोलीहून बायकापोरांना घेऊन जयपूरला आला, तीन दिवस हॉटेलात राहिला आणि परतही गेला, हे सुखदेवला मोबाइलवरच्या फोटोंवरून कळलं. त्यानं लगेच फोन लावला.

“सख्ख्या भावाचं घर इथंच जयपुरात, जगतपुऱ्यात असताना हॉटेल? लाज नाही वाटली?”

“दादा, आता सगळे असेच फिरतात. वहिनीला उगीच त्रास कशाला?”

“त्रास? रेल्वेच्या नोकरीनं मला इथं आणून टाकलं त्याला अठरा वर्षं झाली. दर उन्हाळ्यात निम्मं गाव माझ्याकडे उतरलं. एकेकाला मी स्वतः नेऊन आमेरचा किल्ला दाखवला. हिनं पहाटे उठून चौदा-चौदा माणसांचे धपाटे बांधून दिले, संध्याकाळी परत आलात की गरम ताटं तयार! कधी कपाळाला आठी दिसली हिच्या? तिलाच विचार!”

त्यानं फोन स्पीकरवर टाकून बायकोपुढे धरला. “रत्नमाला, बोल. चांगलं खडसाव त्याला.”

रत्नमालानं फोन घेतला. तिचा आवाज अजिबात चढला नाही. नजर मात्र सुखदेववरून हलली नाही.

“भावजी, हॉटेलात राहिलात ते फार बरं केलंत. आता एवढं सांगा, आमेरला जायला बस कुठून मिळते?”

नागनाथ हसला. “वहिनी, जयपूरच्या तुम्ही आणि मला विचारताय?”

“ज्यानं किल्ला बघितलाय त्यालाच विचारणार ना! मी अठरा वर्षं धपाटेच थापतेय.”