पन्नास फूट दोर

शिकारीची पुस्तिका काढणाऱ्यांनो, तुम्ही लबाड आहात. अंगावर किती इंच नारिंगी कापड हवं ते तुम्ही लिहिलंत. उजाडायच्या किती मिनिटं आधीपासून गोळी झाडता येते, ते लिहिलंत. शेतमालकाची परवानगी कशी मागायची, तेसुद्धा लिहिलंत. पण साडेतीनशे किलोचं जनावर आडवं पडल्यावर त्याच्या पोटात हात कुणी घालायचा, यावर एक ओळ नाही. ती ओळ तुम्ही कोरी सोडलीत. मग ती ज्यानं त्यानं आपल्या अकलेनं भरली.

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात, रवींद्रच्या किचनमध्ये, रविवारी दुपारी ती भरून तयार होती.

टेबलावर नकाशा पसरलेला. रवींद्रला लॉटरीत एल्कचा परवाना लागला होता. एल्क म्हणजे घोड्याएवढं हरीण. परवाना एकाचा, म्हणजे गोळी एकाचीच. यतीन आणि दादाराव सोबतीला. तिघं एकाच ऑफिसातले, रवींद्र दोघांचा मॅनेजर. जायचं होतं ते गाव दोन तासांवर, डोंगरात. तिघांपैकी एकानंही ते पाहिलेलं नव्हतं. फोनला रेंज नाही, दवाखाना चाळीस मैल लांब.

यतीन लॅपटॉपवरून रवींद्रनं केलेली कामांची यादी वाचत होता.

"केबिन बुक करणं, रवींद्र. ट्रक, मी. मालकाचं दार ठोठावून परवानगी मागणं, मी." तो थांबला. "हे मी नाही करणार यार. माझा ॲक्सेंट ऐकून म्हातारा बंदूक घेऊन बाहेर येईल."

"मग तुझीच शिकार करून परत येऊ," चहा गाळता गाळता रवींद्र म्हणाला. तिघंही हसले.

"मांस ठेवायला बर्फ आणि सहा कूलर, मी. पोट फाडणं, सोलणं, तुकडे करणं, ट्रकपर्यंत ओढणं, दादाराव. टॉर्चच्या बॅटऱ्या..."

"मागची ओळ परत वाच," दादाराव म्हणाला.

यतीननं वाचली. या वेळी जरा हळू.

दादारावच्या पायाशी दुकानाची पिशवी होती. गुरुवारी रवींद्रचा मेसेज आला होता, येताना पन्नास फूट दोर आण, चांगला जाड. सामान बांधायला असेल, असं समजून त्यानं आणला होता. दुकानात दोनदा ताणूनही बघितला होता.

"शिकारीच्या कोर्सला त्या म्हाताऱ्या मास्तरनं काय सांगितलं होतं?" दादारावनं विचारलं. "ज्याची गोळी, त्याचाच सुरा. तीनदा सांगितलं."

"ते त्यांचं झालं रे. आपण टीम आहोत." रवींद्रनं कप पुढे सरकवला. "आणि मला चिकन धुतानाही मळमळतं. शुभाला विचार, घरात मटण तीच करते."

"मलाही मळमळतं."

"यतीन तर रक्त बघून आडवा होतो. दोन जनावरं ओढावी लागतील तुला."

या वेळी कुणी हसलं नाही.

"मला कुणी विचारलं होतं का?"

"चिडतोस कशाला? तुला जमेल रे," रवींद्र म्हणाला.

सहज म्हणाला. कपाळाला आठी नाही, आवाजात खोट नाही. पाठीवर हात ठेवावा तसं म्हणाला.

दादारावनं उभ्या जन्मात कोंबडी कापली नव्हती. मटण तोही यांच्यासारखंच पॅकेटमधलं आणायचा. कोर्सच्या परीक्षेत पन्नासपैकी अठ्ठेचाळीस मार्क त्याला पडले होते आणि बाकी दोघं त्याच्या नोट्स वाचून पास झाले होते. या तिघांत दुर्बीण धरायला, नकाशा वाचायला, वारा कुठून येतो ते सांगायला त्याच्याइतका लायक दुसरा नव्हता. यादीत त्याच्या नावापुढं मात्र तेवढं एकच काम होतं.

वर्ध्याकडच्या गावात त्याच्या आजोबांनी एका सकाळी मेलेला बैल ओढायला नकार दिला होता. दोर पाटलाच्या ओट्यावर ठेवून ते घरी आले. गावानं सहा महिने त्यांचं दळण दळू दिलं नाही. घरातल्यांनी ज्वारी भिजवून खाल्ली, पण दोर परत उचलला नाही.

आणि ग्रीन कार्डासाठी लागणारं दादारावच्या अनुभवाचं पत्र रवींद्रच्या सहीसाठी पडून होतं. उद्या सोमवार. त्यानं काही न बोलता चहा प्यायला असता तर उद्या सही झाली असती.

त्यानं चहाला हात लावला नाही. पिशवीतून दोर काढला आणि टेबलावर ठेवला. वेटोळं नकाशावर बसलं, आणि जायचं होतं ते गाव त्याच्याखाली झाकलं गेलं.

"अरे, मी करतो ना," यतीन घाईघाईनं म्हणाला. "व्हिडिओ बघून करतो. सोड ना यार."

"तू थांब. यादी तू केली नाहीस."

रवींद्र दोराकडे बघत होता. मग लॅपटॉपकडे. मग परत दोराकडे. त्याच्या कानाच्या पाळ्या हळूहळू लाल होत गेल्या.

"चार वर्षं आपण एका टेबलावर जेवतोय," दादाराव म्हणाला. आवाज चढला नव्हता. "माझ्या हातात कधी सुरा पाहिलास? मग मला जमेल, हे तुला कुठून कळलं?"

"सहज टाकलं रे नाव. मनात काही नव्हतं."

"मनात नव्हतं, ते मान्य. मग कुठं होतं? सांग, रवींद्र. मी बसलोय."