बुधवारची टिकटिक

डुबेमने हार्ड डिस्कचं झाकण उघडलं. आतली चकती आरशासारखी लख्ख असायला हवी. हिच्यावर गोल गोल चरे पडले होते आणि कडेला काळी भुकटी साचली होती. ती भुकटी म्हणजे एनितानची गाणी. बाळंतपणात गेलेल्या लेकीचा आवाज एवढ्या एकाच डिस्कवर उरला होता. तो परत मिळावा म्हणून तिची आई अबोसेदे लेगोसच्या या बाजारातली दुरुस्तीची दुकानं पालथी घालत डुबेमकडे पोचली होती. सोबत एनितानची सहा वर्षांची मुलगी होती, मोरायो.

"डिस्क पडल्यावर कधी चालू करून पाहिलीत, मम्मी?" वडीलधाऱ्या बाईला इथे म्हणतात तसं मम्मी म्हणत त्याने विचारलं.

"दर बुधवारी," अबोसेदे ताठ मानेने म्हणाली. "आमची प्रार्थनेची मंडळी घरी जमतात. उपास सोडायच्या आधी सगळे डिस्कवर हात ठेवतात. मग पास्टर म्हणतात, विश्वास ठेव आणि बटण दाब. लाइट गेलेली असली तर जनरेटर लावतो, पण बुधवार चुकवत नाही. आणि ती ओ देते बरं का. टिक, टिक. जीव आहे तिच्यात अजून."

डुबेमने मान खाली घातली. ही टिकटिक त्याच्या ओळखीची होती. पडल्यामुळे आतली सुई वाकली होती, एवढंच. तशीच आणली असती तर सुई बदलून गाणी काढणं त्याच्या हातचा मळ होता. पण दर बुधवारी ती वाकडी सुई चकतीवर फिरली आणि प्रत्येक टिकटिकीला गाणं खरवडून निघालं. देवाला साकडं घालता घालता या माउलीने स्वतःच्या हातांनी लेकीचा आवाज पुसला होता. हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं?

"हिनेच वायर ओढून पाडली," अबोसेदे नातीकडे बघत म्हणाली. "घरात सगळे म्हणतात, आईला गिळलं, आता आवाजही गिळला. मी नाही हो बोलत तसं. पण हिने पाडली नसती तर वाचली असती, नाही का?"

मोरायो स्टुलाच्या कडेवर अंग चोरून बसली होती. तिनेही डुबेमकडे पाहिलं. त्याला तिथून उठून पळून जावंसं वाटलं.

"पडण्याचा काही संबंध नाही, मम्मी," तो म्हणाला. "माल मुळातच खराब होता. न पडती तरी गेलीच असती. आता यातून काही निघणार नाही. माफ करा मला."

अबोसेदेने नातीला जवळ ओढलं.

"म्हणजे जाणारच होती," ती डुबेमला म्हणाली. "तरी बरं, दर बुधवारी ऐकून घेतली. बाळा, झाकण लाव आणि एकदा चालू कर. शेवटची."

पडलेली डिस्क चालू करू नका, हे तो गिऱ्हाइकांना घसा फोडून सांगत असे. त्याने मुकाट्याने झाकण बसवलं, वायर जोडली. घरी मोरायोला डिस्कजवळ कुणी फिरकू देत नसत. आज आजीनेच तिचा हात धरून डिस्कवर ठेवला.

टिक. टिक.

"ही आई आहे?" मोरायोने डुबेमला विचारलं.

आतली सुई उरलंसुरलं खरवडत होती.

"हो," तो म्हणाला, "तीच."