आधारापुरत्या गोळ्या

टेबलफॅन, जाळी काढलेला. चुकून बोट गेलं तर गेलंच, पण वारा जास्त लागतो.

स्वयंपाकघराच्या भिंतीला खळगा. कपाएवढा.

पुरुषाच्या रबरी चपला, बाईच्या पायात. सैल हव्यात म्हणून.

लाल पाय. भाजल्यासारखे, पण कुठेही भाजलेले नाहीत.

काचेची बाटली. आत टाचणीच्या डोक्याएवढ्या पांढऱ्या गोळ्या.

ही बाटली बॉयलरवाल्याने डॉक्टरांच्या टेबलावर आपटली.

“बसा,” डॉक्टर म्हणाले.

“बसायला नाही आलो. भांडायला आलोय.”

“भांडण बसूनही होतं.”

बाहेरच्या बाकावर नंबर लावून बसलेले आजोबा खोकले. दार उघडंच होतं.

होमिओपॅथीचा दवाखाना म्हणजे एक खोली आणि एक लाकडी कपाट. कपाटात बाटल्याच बाटल्या, सगळ्या सारख्या. त्या बघूनच बॉयलरवाल्याचं डोकं फिरलं. तो कापडाच्या कारखान्यात वाफेचा बॉयलर सांभाळायचा. तिथे प्रत्येक नळीवर काटा असतो. किती तापलंय ते काटा सांगतो, माणूस नाही. इथे काटा कुठे होता?

“माझ्या बायकोचे पाय जळतात,” तो म्हणाला. “मोठ्या हॉस्पिटलात नाव सांगितलं. एरिथ्रो... मेलाल्जिया. ते नाव म्हणेपर्यंत बर्फ वितळतो. लाखात एखाद्याला होतो म्हणे, तो एखादा नेमका आमच्या घरात. त्यांची औषधं चालू आहेत. मग ती तुमच्याकडे कशाला येते?”

“आधारापुरती. मूळ औषध त्यांचंच. ते सोडायचं नाही, हे मी तिला बजावलंय.”

“आधार! बाटली संपते, दुसरी येते, पाय आहेत तसेच. घराला आग लागलीय आणि तुम्ही साखर वाटताय? उद्या मी बॉयलरमध्ये साखर टाकतो, बघू प्रेशर उतरतं का!”

बाहेर आजोबा फिसकन हसले. बॉयलरवाल्याने वळून पाहिलं, तसे ते छताकडे बघायला लागले.

“काय झालं ते सांगा,” डॉक्टर म्हणाले.

“काय व्हायचंय? रविवारी बाथरूममध्ये बसली होती, बर्फाच्या बादलीत पाय घालून. बर्फ नको, कातडी सडते, असं हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाई दर वेळी सांगतात. अंगठ्याला जखम झालीय. चिघळली तर अंगठा काढतील, कळतंय का तुम्हाला? आणि तुम्ही इथे बाटल्या भरत बसाल!”

शेवटच्या वाक्यात त्याचा आवाज फाटला. ते लपवायला तो आणखी जोरात म्हणाला, “बोला ना!”

“बादलीच्या आधी काय झालं होतं?”

“काही नाही. आवाज चढला माझा. घरात माणसाचा आवाज चढतोच.”

“डॉक्टरीणबाईंनी काय काय टाळायला सांगितलंय?”

“ऊन. जाड मोजे. ताण. मोजे मी स्वतः कचऱ्यात टाकले. खिडक्यांना पडदे लावले. वर चढून, एकट्याने.”

“आणि ताण?”

“तिला कसला ताण? सगळा ताप माझ्या डोक्याला.”

डॉक्टरांनी मान हलवली. “चिडल्यावर तोंड कोरडं पडतं?”

“पडतं.”

“झोप?”

“मध्येच मोडते. मग कोण कधी काय बोललं ते आठवत बसतो.” तो एकदम थांबला. “माझं काय विचारताय? आजारी ती आहे.”

“सवय. आमच्याकडे सगळंच विचारतात.”

“हीच थेरं! पाय दुखतो तर पाय बघा. आधीचा मी असतो ना, तर ही बाटली तुमच्या डोक्यात घातली असती.”

“आणि आता?”

“आता... उचलतो, आणि परत ठेवतो. वय झालं.”

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“ते जाऊ दे,” बॉयलरवाला म्हणाला. “आजपासून बंद. ती आली तरी द्यायच्या नाहीत. शब्द द्या मला.”

“तिला विचारलंत?”

“तिला काय विचारायचं? मी सांगतोय ना!”

“मग नाही देत शब्द.” डॉक्टरांचा आवाज पहिल्यांदाच चढला. “ती एवढे जिने चढून येते. पाय उशीवर ठेवायचे सोडून, त्या सैल चपला फटफट वाजवत, प्रत्येक वळणावर टेकत. वर आल्यावर आधी थंड फरशीवर पाय ठेवून बसते, बोलायची ताकद नसते. एवढं सगळं काय साखरेसाठी करते ती?”

“मग कशासाठी करते?”

डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं.

“सांगा की! का तेही गुपित?”

“आजोबा,” डॉक्टरांनी बाहेर हाक मारली, “या आत.”

बॉयलरवाल्याने बाटली उचलली आणि कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्याकडे भिरकावली. ती डब्याच्या कडेला लागून फुटली. गोळ्या फरशीभर पसरल्या. क्षणभर तोच दचकला. मग वळला आणि धाडधाड जिना उतरून गेला. खाली कुठेतरी दार आपटलं.

आजोबा गोळ्या चुकवत आत आले, खुर्चीवर टेकले.

“भयंकर तापट आहे हो,” ते म्हणाले.

“सुधारलाय,” डॉक्टर म्हणाले आणि केरसुणी शोधायला उठले.

“माझे पाय हॉस्पिटलवाले बघतायत,” त्याची बायको पहिल्यांदा आली होती तेव्हा म्हणाली होती. “मला ह्यांच्या रागावर काहीतरी द्या. पाण्यात घातलं तर चव लागणार नाही असं.”