उलट्या गाठीवरचा पापुद्रा

अल्माटीत आम्हाला गाठींचं गणित शिकवणाऱ्या कुल्याश आपाईंचा उजवा हात लुळा पडला, त्याला सात महिने झाले होते. सोमवारी त्यांना फळ्यावर गाठींच्या आकृत्या काढता आल्या नाहीत, तर त्यांचा वर्ग दुसऱ्याला मिळणार होता.

वर्गात दाखवायला म्हणून मी त्यांच्या घरी तांब्याची तार वळून तीन पाकळ्यांची गाठ केली, टोकं जोडली आणि ती साबणाच्या पाण्यात बुडवून काढली. तारेच्या कडांवर पातळ पापुद्रा ताणला गेला.

"अकबोता, उलटी वळलीस गं! ही आरशातली गाठ झाली. चार वर्षं शिकवलं ते गेलं साबणाच्या पाण्यात."

"पिरगाळून सुलटी करू, आपाई?"

"तार न कापता? करून दाखव, मेंढा कापते तुझ्यासाठी!"

असा पापुद्रा मिनिटभरात फुटतो. हा आपाईंचे दोन प्याले चहा संपले तरी शाबूत होता. मी निरखून पाहिलं. त्यात खिडकी होती आणि माझ्यामागे बसलेल्या आपाई होत्या. त्यांच्या एका हातात प्याला होता. दुसऱ्या हाताची बोटं टेबलावर आपटत होती, अगदी निःशब्द. आमचं उत्तर लांबलं की त्या पूर्वी अशाच आपटायच्या.

मी मागे वळून पाहिलं. प्याला डाव्या हातात होता. उजवा टेबलावर निपचित पडला होता.

मी पुन्हा पापुद्र्यात पाहिलं. बोटं हलतच होती.

"एवढं काय दिसतंय तुला?" आपाईंनी विचारलं.

तेवढ्यात पापुद्रा फुटला आणि हातात नुसती तार उरली.

माझ्या पाठीमागे, टेबलावर, टकटक सुरू झाली.